आबांची सही

कचेरीच्या शिपायानं धक्क्यावरच्या खांबाला नोटीस चिकटवली, तेव्हा सून नावेतलं पाणी डब्यानं उपसत होती. थंडीचे दिवस होते. नदीवर धुकं पडलं होतं, पलीकडचा काठ दिसत नव्हता, आणि तिकडून कुणीतरी दोनदा हाक मारून दमलं होतं.

"वाचता येतं ना वहिनी?" शिपाई डिंकाची बाटली पिशवीत टाकत म्हणाला. "वाचून घ्या. तीस तारखेनंतर नाव पाण्यात दिसली तर साखळी लागेल."

तिनं ओल्या हातानंच कागदाची कड धरून वाचलं. तर, म्हणजे उतारू नेणारी नाव, चालवायचा परवाना या महिन्याअखेर संपतोय. पुढचा अर्ज फक्त संगणकावरून. परवानाधारकाची डिजिटल सही नसेल तर अर्ज विचारात घेतला जाणार नाही.

"डिजिटल सही म्हणजे कशी करायची?"

"मला काय विचारता? मी डिंक लावतो," शिपाई म्हणाला आणि सायकलला टांग मारून गेला.

परवानाधारक म्हणजे आबा, तिचे सासरे. छत्तीस वर्षं त्यांनी या नदीवर माणसं, सायकली, बकऱ्या आणि अडलेल्या बायका इकडून तिकडे नेल्या होत्या. दोन वर्षांपूर्वी भर प्रवाहात वल्हं मारता मारता ते उजव्या अंगावर कलंडले ते कलंडलेच. उजवा हात गेला, पाय गेला, अर्धं तोंड खाली ओघळलं. बोलणंही गेलं. शिल्लक राहिला तो एकच शब्द, "ना". भूक लागली की ना, पाणी पाजलं की ना, कूस बदलली की ना. घरात त्याचा अर्थ लावायचा कुणी प्रयत्न करत नव्हतं.

त्या दिवशी ती नावेतच होती, दुपारचा डबा घेऊन आलेली. सासऱ्यांच्या अंगाखालून तिनं वल्हं ओढून काढलं आणि चौदा उतारू पार केले. तेव्हापासून वल्हं तिच्याच हातात होतं. नवरा बंदरावर कामाला म्हणून गेला होता त्याला पाच वर्षं झाली होती. आधी महिन्याला फोन यायचा, मग सहा महिन्यांनी, मग कुणाबरोबर तरी निरोप, मग निरोपही नाही. घरात ती, सासू आणि अंथरुणावरचे आबा. नाव बंद म्हणजे चूल बंद, इतका सरळ मामला होता.

दुसऱ्या दिवशी ती कचेरीत गेली. कारकुनानं जुना परवाना उलटसुलट करून पाहिला.

"यांच्या नावावर पुन्हा द्यायचा तर ते स्वतः नाव चालवायला धडधाकट पाहिजेत. आहेत?"

"नाही."

"मग तुमच्या नावावर करून घ्या. चालवता तुम्हीच ना?"

"करून द्या की."

"मी कोण करणारा? ते करून देणार. त्यांची सही लागेल, संगणकावर."

"साहेब, ते हलू शकत नाहीत."

कारकुनानं बशीतला चहा फुंकला. "वारले असते तर सोपं होतं," तो म्हणाला, पाऊस पडला असता तर बरं झालं असतं असं म्हणावं तसं. "मृत्यूचा दाखला जोडला की काम झालं. जिवंत माणसाचं अवघड असतं. आणि लवकर करा बाई. पलीकडच्या बोटवाल्याचा अर्ज आलासुद्धा, सहीसकट. त्याच्या बोटीला इंजिन आहे."

घरी येऊन तिनं पातेल्यात पाणी तापवलं. संगणकावर सही म्हणजे अंगठा टेकवायचा असतो, एवढं तिला एका उतारूनं सांगितलं होतं. आबांचा डावा हात तिनं कोमट पाण्यात धरला, साबण लावून घासला. मग उजवा. उजव्या हाताची मूठ दोन वर्षांत वळून घट्ट झाली होती. एकेक बोट उचकटून काढावं लागलं. आतून आंबूस वास आला. नखं तळव्यात रुतून तिथं चार खळगे पडले होते.

"ना," आबा म्हणाले. "ना. ना."

"झालं, झालं. थोडंच राहिलंय."

सासू दाराशी बसून बघत होती. "याच मुठीनं माझे दोन दात पाडले होते," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, कौतुकही नव्हतं. "आता बघ. लोणच्याच्या फोडीसारखी झालीय."

अर्ज भरून देणाऱ्याचं दुकान बाजारगावात होतं, धक्क्यापासून दीड मैलावर, सगळी चढण. तिनं भाजीवाल्याची हातगाडी मागून घेतली, तीत पोती अंथरली, आबांना पाठुंगळी घेऊन घरातून काढलं आणि गाडीत आडवं केलं. चढणीवर चाकं मागे यायला लागली की ती पोट लावून रेटायची. आबांचं डोकं फळीवर आपटत होतं. वाटेत लोक विचारत होते, "दवाखान्यात का?" ती म्हणत होती, "नाही, सहीला."

दुकान म्हणजे दहा बाय दहाची खोली. एक टेबल, एक संगणक, भिंतीला लागून बाकडं आणि बाकड्यावर पाच-सहा माणसं. दुकानवाल्याला सगळे चष्मेवाला म्हणत, कारण त्याचा चष्मा कपाळावरच असायचा. माणूस वाईट नव्हता. दिवसभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून त्याचे कान निबर झाले होते, इतकंच.

"गाडी आत नाही येणार. उचलून आणा."

तिनं उचलून आणलं. खुर्चीत बसवून फडक्यानं पाठीला बांधलं, नाहीतर ते उजवीकडे घसरत. चष्मेवाल्यानं काडेपेटीएवढं यंत्र पुढं सरकवलं. त्यात लाल दिवा होता.

अंगठा ठेवला. यंत्र पीं करून वाजलं. "नाही घेतला. पुसून ठेवा." पुसून ठेवला. नाही. "दाबा जरा." दाबला. नाही. चष्मेवाल्यानं आबांचा अंगठा डोळ्यांजवळ नेला, उजेडात फिरवला. "अहो, याच्यावर काहीच नाही. रेघाच नाहीत. गोटीसारखा गुळगुळीत."

छत्तीस वर्षांच्या दोरानं आणि वल्ह्यानं रेघा पुसून नेल्या होत्या. तरी त्यानं दुसरं बोट घेतलं, तिसरं घेतलं. डाव्या हाताची पाच संपली. उजव्या हाताची बोटं तिनं उचकटून धरली आणि त्यानं एकेक यंत्रावर दाबलं. करंगळी काही सरळ होईना. ती सरळ करताना कट् असा आवाज आला आणि आबा "ना!" करून एवढ्यानं ओरडले की बाकड्यावरचं लहान मूल रडायला लागलं.

"दहाही झाली," चष्मेवाला म्हणाला.

तेवढ्यात खुर्चीखालून पाण्याचा ओघळ निघाला आणि टेबलाच्या पायाशी गेला. बाकड्यावरच्या माणसांनी पाय वर घेतले. एक बाई नाकाला कापड लावून बाहेर गेली. "अहो, वायरी आहेत खाली!" चष्मेवाला ओरडला. सुनेनं स्वतःच्या अंगावरची शाल काढून फरशी पुसली. गुडघ्यांवर बसून पुसताना आबांचे डोळे आपल्यावर आहेत हे तिला कळत होतं, पण तिनं वर पाहिलं नाही.

"दुसरा मार्ग आहे," चष्मेवाला जरा नरमला. "यांच्या नावाला जो फोन नंबर जोडलाय, त्यावर कोड येतो. तो दहा मिनिटांत इथं टाकायचा. झाली सही. नंबराच्या शेवटी बेचाळीस आहे बघा. कुणाचा?"

तो नंबर तिला पाठ होता. नवऱ्याचा.

"पाठवू कोड?"

तिनं मान हलवली आणि आपल्या फोनवरून नंबर लावला. बऱ्याच वेळानं उचलला गेला.

"कोण?" बाईचा आवाज होता. मागे भांडी वाजत होती.

"त्यांना द्या जरा. घरून बोलतेय."

"कुठल्या घरून?"

बाकड्यावरची माणसं आता उघड उघड ऐकत होती. शेवटी नवरा फोनवर आला.

"काय गं? मेले का आबा?"

"नाही. तुमच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. तेवढे सांगा. परवान्यासाठी पाहिजेत, आबांची सही आहे."

त्यानं आधी फोनवर आलेलं वाचून पाहिलं. मग म्हणाला, "इथं लिहिलंय, हस्तांतर. कुणाच्या नावावर?"

"माझ्या. चालवते मीच ना."

"म्हणजे बापाची नाव तुझी? उद्या विकून मोकळी झालीस तर? माझ्या नावावर करा, मग सांगतो आकडे."

"तुमच्या नावावर करायला तुम्ही इथं पाहिजे. येताय?"

"बघू उन्हाळ्यात."

"तीस तारीख शेवटची आहे हो."

"आबांना दे फोन."

तिनं फोन आबांच्या कानाला लावला. पलीकडून तो काय बोलला ते तिला ऐकू आलं नाही. आबांच्या तोंडाची चांगली बाजू थरथरली, त्या डोळ्यातून पाणी आलं. "ना," ते म्हणाले, पण या वेळी लांबवून, लाडानं बोलल्यासारखं. मग फोन बंद झाला. चष्मेवाल्यानं घड्याळात पाहिलं. "गेली दहा मिनिटं."

राहिला तिसरा मार्ग. चेहरा. संगणकावरच्या कॅमेऱ्यासमोर बसायचं, चेहरा चौकटीत आणायचा आणि यंत्र सांगेल तेव्हा डोळ्यांची उघडझाप करायची. "म्हणजे समोर फोटो नाही, जिवंत माणूस आहे, हे त्याला कळतं," चष्मेवाल्यानं सांगितलं. "पण आज नाही. यांचा दहा वर्षांपूर्वीचा चेहरा आणि हा चेहरा जुळेना. आधी नवा फोटो चढवतो, त्याला चार-पाच दिवस लागतील. तीस तारखेला या. सहा वाजता सगळं बंद होतं, लक्षात ठेवा. तोवर घरी सराव करून घ्या."

सराव झाला. सकाळी नावेवर जाण्याआधी ती आबांसमोर बसे. "आबा, डोळे मिटा. उघडा. मिटा. उघडा." ते निमूट करत. सासू हसली, "लहान पोर झालंय." पाचव्या दिवशी सुनेला वाटलं, आपण या माणसाला कशाची सही ते सांगितलेलंच नाही. तिनं सांगितलं. "नाव माझ्या नावावर करायची आहे, आबा. नाहीतर साखळी लागेल, बोटवाला तरीचा परवाना घेईल. तुमच्या लेकाला नको आहे ती, नुसती नावापुरती हवी आहे."

आबांनी तिच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्या दिवशी सराव झाला नाही, उतारू हाका मारत होते.

तीस तारखेला तिनं दुपारीच नाव बांधली. हातगाडी पुन्हा मागून आणली. या वेळी आबांना आतून जाड फडकी बांधली होती. दुकानात एवढी गर्दी की बाहेर ओट्यावर माणसं बसलेली. सगळ्यांचीच शेवटची तारीख. मध्येच वीज गेली ती तासाभरानं आली. पाळी आली तेव्हा साडेपाच झाले होते.

चष्मेवाल्यानं अर्ज उघडला. "आधी वाचून दाखवावं लागतं," तो म्हणाला आणि भराभर वाचायला लागला, "मी, खाली सही करणार, माझा तरीचा परवाना माझ्या सुनेच्या नावे स्वखुशीने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हस्तांतरित करून देत आहे. बरोबर, आबा?"

"ना," आबा म्हणाले.

चष्मेवाल्याचा हात थांबला. "हे ना म्हणतायत."

"ते सगळ्यालाच ना म्हणतात. तेवढाच शब्द येतो त्यांना. कुणालाही विचारा."

"असं?" चष्मेवाला पुढं वाकला. "आबा, पाणी पाहिजे?"

"ना."

"थंडी वाजतेय?"

"ना."

"जिवंत आहात ना?" बाकड्यावरून कुणीतरी विचारलं.

"ना."

सगळे हसले. चष्मेवालाही हसला आणि त्यानं कॅमेरा वळवला.

पडद्यावर आबांचा चेहरा आला. एक बाजू माणसाची, एक बाजू ओघळलेल्या मेणाची. भोवती हिरवी चौकट. यंत्रातून गोड आवाजात एक बाई बोलली, "कृपया डोळ्यांची उघडझाप करा."

"मिटा, आबा. उघडा."

आबांनी डोळे मोठे केले आणि तसेच ठेवले. पापणी हलेना. यंत्रातली बाई पुन्हा बोलली, पुन्हा बोलली, मग चौकट लाल झाली.

"पुन्हा."

पुन्हा तेच. डोळ्यांत पाणी जमलं, लाल रेषा आल्या, तरी पापणी खाली आली नाही. तेव्हा तिच्या लक्षात आलं. हे जमत नाही असं नव्हतं. ते करत नव्हते. सगळ्या देहात त्यांच्या हुकमातलं तेवढंच शिल्लक होतं आणि ते त्यांनी गच्च धरून ठेवलं होतं.

"फुंकर मारा," मागून कुणीतरी म्हणालं. तिनं फुंकर मारली. आबांनी डोळे घट्ट मिटले आणि आता उघडेनात. ती हात जोडून म्हणाली, "आबा, असं नका करू. खायचं काय आपण? तुमचं सगळं करते ना मी? घाण काढते ना?" डोळे उघडले. तिच्यावरून फिरून कॅमेऱ्यावर थांबले. तसेच.

"पावणेसहा," चष्मेवाला म्हणाला. "बाई, मागे अजून चौघं आहेत. होत नसेल तर उठवा यांना."

तिनं आबांच्या कानात खालच्या आवाजात सांगितलं, "त्यानं दुसरी बाई ठेवलीय. त्याच्या दारात तुम्हाला कोण उभं करणार आहे?"

"ना," आबा म्हणाले, स्पष्ट, कॅमेऱ्याकडे बघत.

तिचा हात कधी उठला ते तिला कळलं नाही. वल्हं मारून मारून लाकूड झालेला हात. आबांच्या चांगल्या गालावर तो एवढ्या जोरात बसला की खुर्ची सरकली. डोळे मिटले, उघडले.

"सही नोंदवली गेली आहे," यंत्रातली बाई म्हणाली. चौकट हिरवी झाली.

चष्मेवाल्यानं कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला, पडद्याकडे बघत घसा खाकरला. "ही अर्जावरची झाली. अजून दोन आहेत. संमतीपत्र आणि प्रतिज्ञापत्र."

"दोन?"

"तीन कागद, तीन सह्या."

पुन्हा चौकट आली. पुन्हा त्या बाईनं विनंती केली. आबांच्या गालावर चार बोटं उमटायला लागली होती. डोळे ताठ होते. सुनेनं हात वर केला. मारला नाही, नुसता वर केला. आबांचे डोळे मिटले, उघडले.

"सही नोंदवली गेली आहे."

तिसऱ्या वेळी घाम पुसावा म्हणून तिनं हात कपाळाकडे नेला, तोच आबांनी डोळे मिटले, उघडले, मिटले, उघडले. यंत्रानं सांगण्याआधीच. "थांबा, थांबा," चष्मेवाला म्हणाला, "ती बोलू दे आधी." बाई बोलली. आबांनी पुन्हा उघडझाप केली, दोनदा जास्तच. पोचपावतीचा कागद छापून बाहेर आला तेव्हा सहाला सहा मिनिटं कमी होती.

परतताना उतार होता. गाडी धरून ठेवावी लागत होती, नाहीतर सुटली असती. ती मागून दोन्ही हातांनी ओढून धरत चालली होती आणि आबांचं तोंड तिच्याकडे होतं. वाटेत तिला दोनदा वाटलं, काहीतरी बोलावं. दोन्ही वेळा खड्डा आला.

घरी सासूनं कंदील वर करून पाहिलं. "गालाला काय झालं?"

"सही झाली," सून म्हणाली. सासूनं कंदील बराच वेळ तिथंच धरून ठेवला.

नऊ दिवसांनी परवाना आला. तिचं नाव, तिचा फोटो, खाली ठसठशीत शिक्का. तिनं तो पन्नीत घालून नावेच्या आतल्या फळीला चार खिळे मारून ठोकला. शिपाई मुद्दाम बघायला आला. "वा वहिनी! बाईच्या नावावरची पहिली तर!" बोटवाला पलीकडच्या काठावरून बघत उभा होता. तिनं दिवसभरात अकरा खेपा केल्या. उतारूंपैकी बहुतेकांना दुकानातली गोष्ट माहीत होती. आधी ते तिला "वहिनी, जरा सरकून घ्या" म्हणत, आता स्वतःच सरकत.

आबांना ती भरवायला बसली की त्यांचे डोळे फडफडायला लागत. घास वर आला की मिटत, खाली गेला की उघडत. तोंड मात्र उघडत नसे. दोन दिवस तिनं प्रयत्न केला. "आबा, भात आहे हो. भात." तिसऱ्या दिवशी तिनं ताटली सासूपुढं सरकवली. "आई, उद्यापासून तुम्हीच भरवा. माझ्या हातून खात नाहीत."

"माझे हात कापतात. सांडेल."

"सांडू दे."

मग आठ-पंधरा दिवस तिनं तिकडे पाहिलं नाही. पहाटे जायची, अंधार पडता पडता यायची. एका दुपारी वल्ह्याचा दोर तुटला म्हणून नवा घ्यायला ती घरी आली. उतारू नावेत बसवून आली होती, घाई होती. दाराशी तिचा पाय थांबला.

सासू आबांसमोर मांडी घालून बसली होती. मांडीवर ताटली. डाव्या हातात चमचा आणि उजवा हात खांद्यापर्यंत वर उचललेला, पंजा उघडा. आबांचं तोंड चिमणीच्या पिलासारखं वासलेलं होतं. घास आत गेला. त्यांनी चावला नाही, गिळला आणि पुन्हा तोंड उघडलं. सासूचा वर केलेला हात जराही कापत नव्हता.

सुनेची चाहूल लागली तशी सासूनं मान वळवली. हात खाली घेतला नाही. तिचं तोंड हसरं होतं, समोरचे दोन दात नसलेलं.

"बघ, कसे पटापट जेवतात," ती म्हणाली. "अगं, चाळीस वर्षं मला वाटायचं, हात उगारायला फार जोर लागत असेल."

आबांचे डोळे सुनेकडे वळले. मिटले, उघडले, मिटले, उघडले.

तिनं खुंटीवरचा दोर काढला. एक पाऊल आत टाकलं, मग तिथंच उभी राहिली. नदीवरून उतारूंची हाक आली. "वहिनी, येताय ना?" तिनं दोर खांद्यावर टाकला, दार बाहेरून ओढून घेतलं आणि उतारावरून खाली गेली.